होडीतल्या ओटीला उशीर

मी चिडकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी म्हणायला नको की बाई उगाच आदळआपट करतेय. आमच्या घरात माझ्या चिडण्याची सगळ्यांना सवय आहे. मी सुरू झाले की नवरा पेपर जरा वर धरतो, आई हातातलं काम चालूच ठेवते, आणि लेक लग्न होऊन बराकपूरला गेल्यापासून फोन कानापासून लांब धरते. पण गेल्या नाताळात मी चिडले ती उगाच नव्हे. त्या दिवशी मला एकच गोष्ट हवी होती. एकच! आणि ती होऊ द्यायची नाही असं बस, ट्रेन, सिग्नल आणि रस्त्यावरची अख्खी गर्दी ठरवून घराबाहेर पडली होती.

लेकीला सातवा लागला होता. सासरच्यांनी त्यांच्या पद्धतीने ताट वाढून, पायस खाऊ घालून तिचं कौतुक केलं होतं. आता आमची पाळी, डोहाळजेवणाची. मी फोनवर विचारलं, "बोल, काय हवंय तुला?" मला वाटलं, साडी सांगेल, नाहीतर माझ्या हातच्या पुरणपोळ्या. ती म्हणाली, "मम्मा, मला आजीने ओटी भरायला पाहिजे. सगळ्यात पहिला आजी."

माझ्या लेकीचं मराठी हे असं आहे. जन्म कोलकात्याचा, शाळा इथली, मैत्रिणी इथल्या, आता नवराही इथला. कुठलं पुल्लिंग आणि कुठलं स्त्रीलिंग, सगळा आनंद. एरवी "पहिला आजी" ऐकून मी तिथल्या तिथे तिला सुधारलं असतं. त्या दिवशी ते राहूनच गेलं.

कारण माझ्या आईने कित्येक वर्षांत कुणाची ओटी भरलेली नाही. मी नववीत असताना बाबा गेले. आई तेव्हा चाळिशीचीही नव्हती. त्यानंतर कुणाकडे हळदीकुंकू असलं की ती जायची, पण थेट स्वयंपाकघरात. भवानीपूरकडची आम्ही मराठी माणसं मूठभर, सगळ्या बायका सगळ्यांना ओळखणार. वाईट नव्हतं हो कुणीच. "तुम्ही येऊ नका" असं तिला कधी कुणी म्हटलं नाही. तीच मागे सरायची, आणि तिला हाताला धरून पुढे ओढायचं मात्र कुणाला सुचायचं नाही. माझ्या डोहाळजेवणाला तिने पहाटेपासून राबून तऱ्हेतऱ्हेचे भात केले, अनारसे तळले, आणि ओटी भरायची वेळ आली तशी मोरीत भांडी घासायला बसली. मी हाका मारल्या. रडले. सरळ पाटावरून उठून तिच्यापाशी गेले. ती वरही न बघता म्हणाली, "अशा वेळी पाटावरून उठू नये गं," आणि नळ मोठा सोडला. माझी ओटी काकूने भरली. त्याचा राग मला अजून आहे. नक्की कुणावर आहे ते विचारू नका.

तर मी लेकीचं म्हणणं भीतभीतच आईच्या कानावर घातलं. ती मटार सोलत होती. "वेडी आहे का ती," एवढंच म्हणाली. पण लेक हट्टात माझ्यावर गेलीय. रोज फोन. शेवटी तिने आजीलाच फोन द्यायला लावला आणि म्हणाली, "तू नाही भरणार, तर कोणीच नाही भरणार. बाळ ओटीशिवाय येईल, मग बघ." मग फोन माझ्या हातात देत म्हणाली, "तिला सांग, घरात नको. मराठी मंडळातल्या बायका नकोत. होडीत करू. पूर्वी करायचेच की होडीतलं डोहाळजेवण. मधल्या पाण्यात कोण बघायला येतंय?"

मी आत जाऊन दार लावलं आणि पदराने तोंड दाबून रडले. खोटं कशाला सांगू? लॉटरी लागल्यासारखं वाटलं मला.

जावयाने गंगेवर होडी ठरवली. तो तिथल्याच एका इस्पितळात डॉक्टर, सुट्टी मिळायची ती नेमकी नाताळची. लेकीला प्रवास नको म्हणून सांगितलेलं, तेव्हा आम्हीच तिघांनी जायचं, मी, नवरा आणि आई. होडी चारची. हिवाळ्यात इथे पाचाला दिवस मावळतो, आणि अंधार पडल्यावर तो होडीवाला माणसं घेत नाही. म्हणजे चारला घाटावर पोचायचं म्हणजे पोचायचं. एवढंच मागणं होतं माझं.

मी म्हटलं, आदल्या दिवशीच जाऊन राहू. आई म्हणाली, "नातीच्या सासरी मुक्काम? पहिलं मूल होईपर्यंत मी तिथे पाणीसुद्धा पिणार नाही." म्हटलं, बरं, मग सकाळी लवकर निघू. तर पूजा व्हायची होती, लाडू वळायचे होते, खणाची घडी परत घालायची होती. मी घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालत होते. शेवटी आईने भिंतीवरच्या आमच्या मराठी कॅलेंडरात बोट घालून सांगितलं, "राहूकाळ दोनला लागतोय. त्याच्या आत घराबाहेर पडलं की झालं."

दीडला निघालो. म्हणजे निघायचं ठरलं. टॅक्सीवाले एकेक करून बराकपूर ऐकलं की नाही म्हणायचे. एकाने हो म्हटलं, आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आला आणि तिथूनच वळून गेला. मी मागे धावले. छप्पन्न वर्षांची बाई, अंगावर पैठणी, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेले रजनीगंधेचे दागिने, आणि टॅक्सीमागे धावतेय! नवरा म्हणाला, "अगं, चिडतेस कशाला? बसने सियालदा गाठू. तिथून गाडी सुटते, आईंना बसायला जागा मिळेल." त्याचं हे असं असतं. जगात कुठेही आग लागो, ह्याच्याकडे शांतपणे सांगायला एक पर्यायी मार्ग असतोच.

बस मिळाली. बसायलाही मिळालं, बायकांच्या सीटवर. पण नाताळच्या दुपारी एस्प्लनेडवरून बस न्यायची म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. अख्खं कोलकाता लाल टोप्या घालून तिथे लोटलेलं. कुणी केक घ्यायला आलेलं, कुणी नुसतंच चालायला. चौकात पोलिसांनी माणसं अडवायला आडवा दोर धरलेला. माणसांचा लोंढा गेला की दोर इकडे, गाड्या सुटल्या की दोर तिकडे. आमची बस दोराच्या अगदी तोंडाशी येऊन थांबायची. पुढची बस गेली की पुन्हा दोर! कंडक्टर तर सणाचा मौका साधून दर दोन पावलांवर बस थांबवायचा आणि पत्र्यावर थापा मारत माणसं भरायचा. मी त्याला बंगालीत झापलं. तो गोड हसून म्हणाला, "बडोदिन आहे ना, दीदी." नाताळ आहे ते मला माहीत नव्हतं का?

आई खिडकीशी बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ, तांदूळ, खण. ती अगदी मजेत बाहेर बघत होती. "किती गं ही छोटी छोटी पोरं, आणि केवढाले फुगे," म्हणाली. मला वाटलं, बिचारी वरवर शांत दाखवतेय, आतून घाबरली असणार. कारण मला भीती वेगळीच होती. उशीर झाला तर होडी चुकेल हे तर होतंच. पण त्याहीपेक्षा, आईचं मन मोठ्या मुश्किलीने वळलं होतं, ते रस्त्यात कुठे फिरलं तर? ती आधीच शकुन-अपशकुन मानणारी. बस थांबली की माझा जीव खालीवर व्हायचा.

आणि नेमका तेव्हाच माझ्या नवऱ्याला अभ्यास सुचला. आमच्या सीटपाशी उभा राहून मोबाईलवर काहीतरी बघत होता. एकदम मान वर करून म्हणाला, "अरे! आपल्या कॅलेंडरातल्या वेळा मुंबईच्या असतात. इथे सूर्य तासभर आधी उगवतो, म्हणजे राहूकाळही आधीच. इथला तो एकलाच लागला. आपण बरोबर राहूकाळातच घराबाहेर पडलो की!"

आणि हसला. हसला हो तो!

मी त्याच्याकडे असं बघितलं की शेजारची बंगाली बाई पण जरा सरकून बसली. एक तर आईच्या देखत हे बोलायची काही गरज होती का? आणि दुसरं म्हणजे मी स्वतः शाळेत भूगोल शिकवते. पूर्वेला सूर्य आधी उगवतो हे पोरांना शिकवून शिकवून घसा बसलाय माझा. आणि आमच्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं मुंबईचा राहू सुखाने नांदतोय, मला पत्ता नाही. आई इथेच जन्मभर राहिली, तरी राहू तिचा दादरचाच. आपल्या माणसांनी आपलं कॅलेंडर छापलं की त्यातली वेळ आपलीच, असं आम्ही सगळे धरून चाललेलो. कुणाला सांगायचीही सोय नाही.

मी घाईघाईने आईला म्हटलं, "आई, तसलं काही मनात आणू नकोस हं. ते सगळं थोतांड आहे."

"मी कुठे काय म्हणतेय?" आई म्हणाली. "पण बघ, राहूच आडवा आलाय म्हटल्यावर बसवाल्याने तरी काय करावं?"

झालं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याला मी हळूच पण नीट चिमटा काढला. तो "आई गं" म्हणाला, आणि माझी आई "काय हो?" म्हणून वळली. एवढ्यात दोर उठला आणि बस हलली.

सियालदाला उतरलो तेव्हा तीन वाजून गेले होते. तरी मी आशा सोडली नव्हती. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची तर गाडी. आणि काय सांगू, बोर्डावर बराकपूरकडची गाडी लागलेली, फलाटावर उभी! नवरा पुढे पळाला, मी आईचा हात धरला. गुडघ्यांमुळे तिला पळता येत नाही, पण भरभर चालली तर सहज मिळाली असती. तेवढ्यात ती मध्येच थांबली. "मला जरा जाऊन यायचंय."

"आई, आत्ता? गाडी उभी आहे!"

"मग काय करू? म्हाताऱ्या माणसाच्या हातात असतं का ते?"

स्टेशनवरच्या संडासात माझ्या आईने आयुष्यात कधी पाऊल टाकलेलं मला आठवत नाही. भवानीपूर ते नागपूर, दिवसभराचा प्रवास ती घोट घोट पाण्यावर काढते. पण वय झालंय, म्हटलं, चालायचंच. तिला घेऊन गेले. बाहेर रांग. ती निवांत उभी. मागच्या बाईला पुढे जाऊ दिलं, तिचं बाळ रडत होतं म्हणून. आम्ही परत आलो तेव्हा फलाट मोकळा, आणि नवरा एकटाच दोन्ही हात पसरून उभा. "डोळ्यांदेखत गेली गं," म्हणाला.

पुढची गाडी सुट्टीचा दिवस म्हणून उशिरा. ती उशिरा येणार तेवढ्यात आणखी उशिरा येणार असं सांगण्यात आलं, मग फलाट बदलला, आणि लोकांचा सगळा घोळका जिना चढून पलीकडे धावला. त्या जिन्यावर आईचे गुडघे बोलले. मी तिच्या एका बाजूला, नवरा दुसऱ्या. मला रडू यायला लागलं. मी बंगालीत बडबडत होते, "सणासुदीला माणसं बाहेर पडणार हे ह्यांना कळत नाही का? रोजच्या दिवशी गाड्या सोडता आणि सुट्टीच्या दिवशी काढून घेता? सुट्टीच्या दिवशी माणसं मेलेली असतात का?" पुढच्या पायरीवरचा एक म्हातारा वळून म्हणाला, "ठीक बोलेछेन." बरोबर बोललात, असं कुणीतरी म्हटलं म्हणून बरं वाटलं क्षणभर. पण गाडी काही त्याने आली नाही.

लेकीचा फोन. "मम्मा, किती दूर? आम्ही घाटावर बसलोय. होडी रेडी आहे."

"येतोय, येतोय. तू उठू नकोस, पाय वर करून बस."

गाडी आली, बसायला मिळालं, सुटली. दमदम गेलं, बेलघोरिया गेलं. ऊन खिडकीतून तिरकं आत यायला लागलं होतं. मी मनात हिशेब करत होते, अजूनही उजेडात पोचू, नुसती ओटी तरी होईल, जेवण नंतर घाटावर करू. सोदपूर गेलं. मला हायसं वाटलं. आणि टिटागढ सोडून गाडी जरा पुढे गेली आणि थांबली.

तिथे काही नव्हतं. एका बाजूला गिरणीची जुनी भिंत, दुसऱ्या बाजूला तळं, तळ्याकाठी कपडे धुणाऱ्या बायका. पुढचंच स्टेशन बराकपूर. धट्टाकट्टा माणूस उतरून चालत गेला असता. चाकांचा आवाज थांबला की डब्यात एक विचित्र शांतता होते, तशी झाली. लोक आधी घड्याळं बघत होते, मग मोबाईल, मग काहीच बघेनासे झाले. समोरच्या माणसाने पेरूवाल्याकडून पेरू घेतला आणि सावकाश मीठ लावून खाल्ला. मला त्या पेरूचासुद्धा राग आला.

तळ्यावरचं ऊन आधी पिवळं होतं, मग तांबूस झालं, मग पाण्यावरून उठून भिंतीवर गेलं. मी त्या भिंतीकडे डोळे लावून बसले होते. उन्हाची पट्टी विटेविटेने वर सरकत होती. मांडीवर फुलांचे दागिने. फडकं सुकलं होतं, कळ्यांच्या कडा तपकिरी पडायला लागल्या होत्या. मी बाटलीतलं पाणी शिंपडलं. लेकीचा पुन्हा फोन, आता आवाज रडवेला. "होडीवाला विचारतोय, मम्मा. तो म्हणतो कुयाशा येतोय, धुकं. अजून किती?"

काय सांगणार? "पोचलोच," म्हटलं.

आई डोळे मिटून पुटपुटत होती. बोटं जपाची चालली होती. मी तिचा हात धरला. "करतोय देव काहीतरी," म्हटलं तिला. धीर दिला मी तिला! तिने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले.

भिंतीवरची पट्टी पार वरून निघून गेली तेव्हा गाडी हलली.

बराकपूरला उतरून टोटो केली, ती बॅटरीवरची रिक्षा. रस्त्यात दिवे लागलेले. घाटावर पोचलो तर तिथे सहलीला आलेल्यांची ही गर्दी. लाऊडस्पीकर, रंगीत माळा, भजी, कागदी भिरभिरी, सेल्फी. पलीकडे नदी होती असं म्हणायचं, कारण धुक्यात काही दिसत नव्हतं. होडी घाटाला बांधलेली होती. होडीवाला तिच्यात बसून रात्रीचा भात शिजवत होता. जावयाने त्याला पुन्हा पुन्हा विनवलं होतं. तो मान हलवून नुसता नदीकडे बोट दाखवत होता. त्याचं काही चुकलं नव्हतं, मलाही दिसत होतं. तरी मी त्यालाही दोन शब्द ऐकवलेच.

लेक पायरीवर बसली होती. हिरवी साडी, वर नवऱ्याची शाल, पाय सुजलेले. आम्हाला बघून तिचा चेहरा असा काही उजळला, की मला वाटलं, जाऊ दे होडी. खड्ड्यात जाऊ दे. ओटी पायरीवर भरू. मी तिला ते सुकलेले दागिने घातले, बाजूबंद, मुकुट, सगळं. तशातही इतकी गोड दिसत होती पोरगी. तिने शाल काढली, पदर दोन्ही हातांनी पुढे पसरला आणि आजीकडे बघितलं. "आजी, ये ना."

लाऊडस्पीकर कोकलत होता. दोनचार बायका कौतुकाने बघायला थांबल्या होत्या, अनोळखी, सगळ्या बंगाली. आई एक पाऊल पुढे आली. तिने लेकीच्या गालांवरून हात फिरवला, स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. मग पिशवी माझ्या हातात दिली.

"तू भर गं. आता दिवेलागण झाली, किती ही माणसं. होडीत ठरलं होतं. आता नको."

"आई!"

"नको म्हटलं ना."

आणि ती मागे झाली. दोन पावलं मागे, बघणाऱ्या बायकांच्याही मागे. मला ती जागा ओळखीची होती. मी लेकीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण आजीवर ती रागावली नव्हती. "सगळी त्या ट्रेनचाच चुकी आहे," म्हणाली. "आजी तर भरणार होता ना. ट्रेन खूप वाईट आहे."

मग माझा बांध फुटला. मी घाटावर उभी राहून त्या ट्रेनचा, त्या सिग्नलचा, त्या दोराचा, त्या कंडक्टरचा, सगळ्यांचा उद्धार केला. मराठीत, बंगालीत, जमेल तसा. नवरा "अगं, अगं" करत होता. जावयाने मला पाण्याची बाटली दिली. आणि मग मी ओटी भरली. तांदूळ माझ्या हातातून सांडले. मला माझ्या लेकीची ओटी भरायचा केवढा आनंद व्हायला हवा होता! मला नुसता संताप होत होता. आणि बघणाऱ्या बायकांनी उलूध्वनी केला, तोंडाने तो लांबलचक शुभ आवाज काढला, तेव्हा तर मला हुंदकाच फुटला.

जेवण तिथेच पायरीवर उरकलं. लेकीला घरी पोचवून आम्ही उंबऱ्यावरूनच निघालो, कारण आईला आत पाणीसुद्धा प्यायचं नव्हतं. परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. नवरा पलीकडच्या बाकावर मान टाकून झोपला. मी आणि आई शेजारी शेजारी. तिने पिशवीतून एक संत्रं काढलं आणि सोलायला बसली.

मी म्हटलं, "आई, मी सोडणार नाही त्या लोकांना. तक्रार करणार आहे. एवढं तुझं मन तयार झालं होतं, आणि..."

"करू नकोस," आई म्हणाली. "बरं झालं गाडी थांबली."

मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. "काय?"

"सकाळपासून मी देवाला तेच म्हणत होते. उशीर होऊ दे म्हणून." ती संत्र्याच्या शिरा एकेक करून काढत होती, अगदी मन लावून. "आणि उद्या त्या बाळाला काही झालं असतं तर? कुणी काही म्हटलं नसतं मला. ती तर नाहीच. पण मला कळलं असतं ना."

"काही होत नसतं, आई! तुझ्या हाताने काय होणार आहे?"

"तुला माहीत असेल. मला नाही माहीत."

"मग सांगायचंस ना तसं! दिवसभर माझा जीव टांगणीला लावलास. आलीस तरी कशाला मग?"

"तिला बघायला आले. हिरव्या साडीत." तिने माझ्याकडे बघितलं. "नाही म्हटलं असतं तर पोरगी माझ्यावर रुसली असती. गाडीवर कोणी रुसत नाही गं."

मला भयंकर राग आला. ओरडावं असं वाटत होतं. तिच्यावर ओरडू? मग कुणावर? खिडकीबाहेर काळोख, काचेत मीच, पैठणी नेसलेली, डोळे सुजलेली. आईने संत्र्याची सोललेली फोड माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही. तिने हात मागे घेतला नाही.